विचारून केलेली अंगठी

चहा कसा घेता, हे ते प्रत्येकाला विचारायचे. साखर कमी की जास्त एवढ्यावर भागायचं नाही. आलं घालून की नुसता, कपात की ग्लासात, उकळता की जरा निवलेला, असं सगळं विचारायचे. आमच्या कचेरीखालच्या टपरीवर एकाच पातेल्यात चहा उकळायचा आणि सगळ्यांना तोच मिळायचा, हे त्यांनाही ठाऊक होतं. तरी विचारायचे, खिडकीतून वाकून टपरीवाल्याला प्रत्येकाचं वेगवेगळं सांगायचे, आणि टपरीवाला ‘हाव साहेब’ म्हणून तोच चहा वर पाठवायचा.

लातूर जिल्हा तेव्हा नुकताच वेगळा झाला होता. कचेरी भाड्याच्या इमारतीत होती. कपाटांवरचं जुन्या जिल्ह्याचं नाव खरवडून त्यावर नवं नाव रंगवलेलं, पण जुनी अक्षरं खालून दिसायची. जिल्हा झाला आणि पावसानं तोंड फिरवलं, त्यामुळे इतर शाखांना खुर्च्या मिळायच्या आधी टंचाई शाखा सुरू झाली. मी नांदेडहून आलेली, नवी टायपिस्ट. ते शाखेचे अव्वल कारकून. आम्ही सगळे त्यांना भाऊसाहेब म्हणायचो आणि पाठीमागं ‘आवडसाहेब’. मूळचे बिलोलीकडचे. चाळिशी जवळ आलेली, लग्न झालेलं नव्हतं. उंच, काटकुळे, उन्हानं करपलेले. पण शर्टाची कॉलर इतकी पांढरी की नळाला आठवड्यानं पाणी येणाऱ्या गावात तिची चर्चा व्हायची. एका तांब्यात शर्ट धुता येतो, असं ते सांगायचे. कसा, ते आम्हाला जमलं नाही.

पहिल्याच दिवशी त्यांनी माझ्या बोटाकडं बघितलं. माझी साखरपुड्याची अंगठी सासऱ्यांनी आणलेली होती, बोटाला मोठी होत होती, म्हणून आतून दोरा गुंडाळलेला होता. कुणी निवडली, त्यांनी विचारलं. मी सांगितलं. तुम्हाला कशी पाहिजे होती, हा त्यांचा पुढचा प्रश्न. नव्या ओळखीत असं विचारणारा माणूस मला आगाऊ वाटला, आणि राग यायचं खरं कारण म्हणजे मला उत्तरच देता येईना. मला कशी अंगठी पाहिजे होती, याचा मी कधी विचारच केलेला नव्हता.

त्यांचा चहाचा स्वतःचा ग्लास होता. काचेचा, निळ्या फुलांचा. तो ते खिशातल्या रुमालात गुंडाळून दौऱ्यावरही न्यायचे. मला वाटलं, स्वच्छतेचं वेड असेल. एकदा कुणीतरी टोमणा मारला तेव्हा ते हसून म्हणाले, की गावच्या हॉटेलात आमच्या लोकांसाठी बाहेरच्या कोनाड्यात कान तुटलेला कप ठेवलेला असायचा, आपला आपण धुऊन परत ठेवायचा. वडलांनी त्यात चहा घेतला, मीही घेतला. तो काही माझ्या आवडीचा कप नव्हता. नोकरी लागल्यावर पहिल्यांदा आवडीचा ग्लास घेतला. हे त्यांनी इतक्या सहज सांगितलं, की टोमणा मारणाऱ्यालाही त्याचं उत्तर मिळालं हे जरा वेळानं कळलं.

आईबद्दल मात्र ते एकदाच बोलले. औशाकडून जीपनं परत येत होतो, ड्रायव्हर आणि आम्ही दोघं. रस्त्याच्या कडेला रोजगार हमीच्या बाया खडी फोडत होत्या. त्यांच्याकडं बघता बघता त्यांनी सांगायला सुरुवात केली. आई जन्मभर लोकांच्या शेतात राबली. लुगडी मिळायची ती मालकिणीच्या अंगावरची उतरलेली. ती गेली तेव्हा भाऊसाहेबांकडं पहिल्यांदाच नव्या लुगड्यापुरते पैसे होते. दुकानात गेले, दुकानदारानं विचारलं कोणता रंग दाखवू. भाऊसाहेब तिथं उभेच राहिले. आईला कोणता रंग आवडतो हे त्यांना माहीत नव्हतं. घरी येऊन धाकट्या भावाला विचारलं, मावशीला विचारलं, शेजारी विचारलं. कुणालाच माहीत नव्हतं. कुणी तिला विचारलंच नव्हतं.

“मग काय, पांढरं आणलं,” ते म्हणाले. “पांढऱ्याला विचारावं लागत न्हाई.”

आता त्यांचं काम सांगते, म्हणजे लोक त्यांच्यावर का वैतागायचे ते कळेल. कोणत्या गावाला टँकर किती वाजता जाईल, ते आमच्या शाखेत ठरायचं. ड्रायव्हरच्या सोयीनं ठरायचं. भाऊसाहेबांनी आल्या आल्या नवीनच काढलं. गावात जायचं, सरपंचाच्या ओट्यावर बसायचं नाही, विहिरीवर जाऊन बायांना विचारायचं की तुम्हाला टँकर कधी आवडेल. ‘आवडेल’ हाच शब्द. बाया पदर तोंडावर घेऊन हसायच्या. आमचे वरिष्ठ हसत नव्हते. त्यांनी भाऊसाहेबांना आत बोलावून सुनावलं, ते बाहेर आम्हाला ऐकू आलं. “दुष्काळात आवड कसली, हो? मिळतंय ते घ्यावं माणसानं.” भाऊसाहेब बाहेर आले, टेबलाशी बसले आणि दुसऱ्या दिवशीचा दौरा लिहायला घेतला.

आणखी एक सवय होती. टँकरचं पाणी गावच्या विहिरीत ओतायचे आणि लोक त्यातून शेंदायचे. भाऊसाहेब प्रत्येक ठिकाणी त्या विहिरीचं पाणी स्वतः पिऊन बघायचे, त्याच निळ्या फुलांच्या ग्लासातून. तळाला गाळ बसायचा तरी प्यायचे. मी एकदा म्हटलं, अहो, पाणी तपासायला आरोग्य खातं आहे. ते म्हणाले, आहे, पण टँकर मी पाठवतो. मी पिणार नाही ते त्यांनी का प्यावं?

शिरूर अनंतपाळच्या बाजूला एक गाव होतं. शिरूर तेव्हा तालुका नव्हतं. त्या गावात नेहमीसारखं विचारल्यावर बाया हसल्या, पण एक जण हसली नाही. ती बालवाडीची बाई होती. तिशी ओलांडलेली, डावा हात कोपरापर्यंत पदराखाली. ती म्हणाली, कोण विचारतंय आम्हाला. विचारलंच हाय तर सांगते. मग तिनं सरळ सांगितलं, की तुमचा टँकर भर दुपारी येतो, तेव्हा बाया खडीवर असतात. घरी म्हाताऱ्या आणि लेकरं, ती शेंदू शकत नाहीत. दांडगे लोक पाणी नेतात. दिवस मावळायच्या आधी तासभर पाठवा. भाऊसाहेबांनी तसं केलं. नंतर ते टँकर आला का बघायला म्हणून त्या गावी इतक्या वेळा गेले, की ड्रायव्हर आम्हाला डोळा मारायला लागला.

तिच्या हाताची गोष्ट त्यांनीच मला सांगितली. ती लातूरला एका डाळ मिलमध्ये कामाला होती. मशीनच्या पट्ट्यात हात गेला. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट गेलं, मधलं बोट वाचलं पण सांध्यात चेचून वाकडं झालं. ठरलेलं लग्न त्याच आठवड्यात मोडलं. ती गावी परत आली, बालवाडीत लागली, आणि तेव्हापासून तो हात पदराखालीच होता. तिच्याशी लग्न करायचं ठरवलं तेव्हा, ती आमच्यातलीच आहे म्हणून घरचे खूश होतील असं मला वाटलं होतं, ते म्हणाले. पण काकांनी हाताचं ऐकलं आणि म्हणाले सरकारी नोकरीवाल्याला धड पोरी मिळत नाहीत का. काका घरातले कर्ते होते. भाऊसाहेबांनी त्यांचं ऐकून घेतलं आणि साखरपुड्याची तारीख कळवली.

मग अंगठीचा प्रश्न आला. कचेरीत ज्यानं त्यानं सल्ला दिला. गळ्यातली साखळी घ्या, मनगटी घड्याळ घ्या, नाहीतर उजव्या हाताला अंगठी घाला, चालतं. भाऊसाहेब म्हणाले, त्यांना विचारू. मला म्हणाले, ताई, तुम्ही बरोबर चला. मी एकटा विचारायला गेलो तर त्या लाजेनं काहीही हो म्हणतील.

आम्ही एसटीनं गेलो. बालवाडीच्या ओट्यावर बसलो. तिची आई पाणी घेऊन आली. भाऊसाहेबांनी विचारलं, अंगठी तुम्हाला कशी आवडेल. आईनंच उत्तर दिलं, की तुम्ही आणाल ती तिला आवडंल, तिची काही तक्रार नसते. भाऊसाहेब म्हणाले, मावशी, त्यांना बोलू द्या. आत लेकरं एकसुरात काहीतरी म्हणत होती. मला वाटलं आता उठावं, उगाच तिला अवघडल्यासारखं केलं.

तेवढ्यात तिनं डावा हात पदरातून बाहेर काढला आणि मांडीवर ठेवला. मी नजर वळवली, भाऊसाहेबांनी नाही.

“ह्या हाताला पाहिजे,” ती म्हणाली. “ह्या मधल्या बोटाला. खडा लाल, मोठा.”

आई म्हणाली, अगं उजवा हात हाय की धडधाकट.

“लोक ह्याच हाताकडं बघतेत. बघतेत तर बघू द्या. काहीतरी बघायसारखं तरी असावं.”

लाल म्हणजे कसा, एवढंच भाऊसाहेबांनी विचारलं. तिनं विचार केला. मिरचीसारखा नाही, कुंकवासारखाही नाही. दवाखान्यात होते तेव्हा शेजारच्या खाटेवरच्या म्हातारीनं मला डाळिंब सोलून दिलं होतं, ती म्हणाली, त्याच्या दाण्यासारखा.

पुढं जे झालं ते लातूरच्या सराफ्यात कितीतरी दिवस सांगितलं जात होतं. भाऊसाहेब डाळिंब घेऊन सराफाकडं गेले. मी सोबत होते. त्या उन्हाळ्यात चांगलं डाळिंब कुठून मिळवलं कोण जाणे. सराफानं लाल खड्यांची पुडी उघडली आणि यांनी त्याच्या पांढऱ्या गादीवर डाळिंब फोडलं. गादीला डाग पडला, सराफ चिडला. यांनी माफी मागितली, रुमालानं डाग पुसला आणि एक एक खडा दाण्याशेजारी ठेवून बघत बसले. हा काळपट आहे, साकळलेल्या रक्तासारखा. हा गुलाबी आहे. हा बरा, पण उजेडात फिका पडतो. त्या दिवशी एकही पसंत पडला नाही. सराफ म्हणाला, साहेब, बाईला एवढं कळतंय का? भाऊसाहेबांनी पुडी त्याच्याकडं सरकवली. त्यांना कळतं म्हणूनच मला त्रास होतोय, ते म्हणाले.

बोटाचा सांधा जाड आणि बुड बारीक, त्यामुळे साधी अंगठी सांध्यावरून जाईना. शेवटी एका बाजूनं उघडणारी, कडीसारखी खटका लावून मिटणारी अंगठी करायचं ठरलं. सराफानं एकदा करून दिली, तिचा खटका टोचत होता, ती परत. दुसऱ्यांदा केली तीही परत. मला वाटायला लागलं की हा माणूस अंगठीच्या नादात साखरपुड्याची तारीख घालवणार. मी तसं बोलूनही दाखवलं. त्यावर ते म्हणाले, तारखा कितीही मिळतात. सराफानं तिसऱ्यांदा दिली तेव्हा त्यांनी ती स्वतःच्या करंगळीवर मिटून, हात हलवून, झटकून बघितली. खडा शेवटी सापडला होता, थेट डाळिंबाच्या दाण्यासारखा. मी खरंच सांगते, ओला वाटायचा.

साखरपुडा तिच्या गावी, समाजमंदिरासमोर झाला. त्रिसरण-पंचशील म्हटलं, साखर वाटली. काका आले होते, पण बाजूला खुर्चीवर बसून राहिले. धाकटा भाऊ होता. तो बिलोलीकडं रस्त्याच्या कामावर जायचा, शर्ट मोठ्या भावाचा घातलेला दिसत होता. भाऊसाहेबांनी तिचा डावा हात सगळ्यांसमोर हातात घेतला आणि अंगठी मिटली. खटक्याचा बारीक आवाज झाला. बाया पुढं सरकल्या. एका म्हातारीनं तिचा हात धरून उजेडाकडं फिरवला, खडा बघितला, तुटलेल्या बोटांवरून अंगठा फिरवला आणि म्हणाली, झ्याक हाय गं. त्या दिवशी सरबत तिनं दोन्ही हातांनी वाटलं.

लग्न पावसाळ्यानंतर करायचं ठरलं. उन्हाळा संपत आला तसं विहिरीतलं पाणी आणखी गढूळ झालं. भाऊसाहेबांना ताप यायला लागला. अंगदुखी आहे म्हणून गोळ्या घेत दौरे करत राहिले. एक दिवस मी सहीसाठी कागद पुढं केला, त्यांनी वर बघितलं आणि मला दिसलं की डोळे पिवळे झालेत. कावीळ. सरकारी दवाखान्यात दाखल केलं तोवर नखंही पिवळी झाली होती. डॉक्टर म्हणाले, यकृतावर गेलंय, उशीर झाला. काय पाणी प्यायलात, त्यांनी विचारलं. भाऊसाहेबांनी गावांची नावं सांगायला घेतली, तेव्हा डॉक्टरांनी लिहायचं थांबवलं.

मी भेटायला जायचे. एकदा त्यांनी स्वतःचा हात समोर धरून बघितला आणि म्हणाले, पिवळा रंग मला पहिल्यापासून आवडत नव्हता. हसले, पण हसताना पोटात दुखलं.

ती एसटीनं यायची. काका दवाखान्यात होते, ते म्हणाले, लग्नाआधी असं बसणं बरं दिसत नाही, लोक बोलतात. तरी ती खाटेच्या पायथ्याशी बसली ती उठली नाही. नंतर नंतर त्यांना माणसं ओळखू येईनात. तेव्हा ती त्यांच्या ओठांवर उसाचा रस चमच्यानं सोडायची, डाव्या हातानं त्यांची हनुवटी धरून. मला शेवटचं आठवतं ते असं. त्यानंतर मी गेले तेव्हा खाटेवर दुसराच रुग्ण होता.

त्यांना बिलोलीकडं नेलं. तिला निरोप उशिरा गेला. मुद्दाम की घाईत, मला सांगता येत नाही. ती पोचली नाही.

कचेरीत दोन मिनिटं उभं राहून शोक पाळला. त्यांच्या खुर्चीवर दुसरे आले. चांगला माणूस, कामसू. पण टँकर पुन्हा दुपारी जायला लागले, कारण संध्याकाळचं ड्रायव्हरला परवडत नव्हतं. त्या गावच्या दोन बाया कचेरीपर्यंत आल्या होत्या. भाऊसाहेब कुठं बसतात म्हणून विचारलं. ते गेले, हे मीच सांगितलं. त्या पायऱ्यांवर बसल्या, डोळ्याला पदर लावला आणि टँकरचं काही न बोलता परत गेल्या.

महिन्याभरानं त्यांचा धाकटा भाऊ माझ्या टेबलाशी येऊन उभा राहिला. बसा म्हटलं तरी बसेना. काकांनी पाठवलं होतं. लग्न झालं नाही, तर सोन्याची अंगठी तिच्याकडं कशाला, ती परत आणायची. एकटा जायला त्याला जमत नव्हतं, आणि तुम्ही बाई आहात, तिच्या ओळखीच्या आहात, चला. मला जायचं नव्हतं. पण हा पोरगेला माणूस एकटा गेला तर तिथं कसं बोलेल, या काळजीनं मी गेले.

बालवाडीत ती लेकरांना सुकडी वाटत होती. आम्हाला बघितलं, तरी वाटप संपवलं. हात धुतले, पण पाणी जपून, आणि ओट्यावर आली. अंगठी बोटात होती. भावानं मान खाली घालून काकांचा निरोप सांगितला, पाठ केल्यासारखा. ती ऐकून घेत होती. तो थांबला तेव्हा तिनं विचारलं, “मी विधवा हाय का?”

तो ओट्याची कड नखानं खरवडायला लागला.

“कागदावर न्हाई. तुमच्या घरात न्हाई. मातीला बी बोलावलं न्हाई तुम्ही. गावात मात्र लोक म्हणून राहिले, लग्नाच्या आधीच नवरा खाल्ला. लेकरांच्या आया त्यांना माझ्या हातची सुकडी खाऊ देईनात.” तिचा आवाज चढला नाही. “ते सगळं तुम्ही वापस नेता का? ते नेत असाल तर अंगठी बी न्या. मी आत्ता काढून देते.”

आणि तिनं हात पुढं केला. त्यानं हाताकडं बघितलं, खड्याकडं बघितलं. मला वाटलं आता तो खटका उघडेल. त्यानं बोट लावलं नाही. एवढंच म्हणाला, लई फिरून केली म्हणे त्यानं. ती म्हणाली, हाव. मग ती आत गेली, कागदात सुकडी बांधून आणली, घरी लेकरं असतील म्हणाली, आणि त्याच्या हातात दिली. तो उठला.

एसटीत तो खिडकीबाहेर बघत बसला. कडेला सगळी रानं उघडी पडलेली, जनावरं एकाही रानात नाहीत. लातूरजवळ आल्यावर एकदम म्हणाला, “अंगठी दवाखान्यात गेली म्हणून सांगतो काकांना. तिला डोळा लागला आन् कुणीतरी काढून नेली. खटक्याची होती, काढायला सोपी. तुम्ही बी तसंच सांगा, ताई.”

मी हो म्हणाले. काकांचा विश्वास बसेल का, असं विचारलं. न्हाई बसायचा, तो म्हणाला.

स्टँडवर त्याची गाडी लागलेली होती. तो चढला, खिडकीशी बसला, पुडी मांडीवर घेतली. ड्रायव्हरनं गाडी सुरू केली तेव्हा त्यानं खिडकीतून डोकं बाहेर काढलं. डोळे लाल झाले होते.

“तिला एकदा वहिनी म्हणायला पाहिजे होतं,” तो म्हणाला. “तिथं सुचलंच न्हाई.”